सोडणं आणि सटकणं

सप्टेंबर 2018. पुणे, बाणेर. तीन मुली, एक फ्लॅट, एक टीव्ही. मी नोटीस पीरियडवर होते, म्हणजे नोकरदार माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ. नवी ऑफर हातात, पगारात पस्तीस टक्के वाढ, जुन्या बॉसचा फोन आला तरी निवांत उचलायचा. त्या संध्याकाळी मॅगी खात चॅनल बदलत होते आणि रिमोटवरचं बोट थांबलं.

टीव्हीवर नन्स दिसत होत्या. चर्चमध्ये नाही, रस्त्यावर. कोचीला हायकोर्टाजवळच्या वंची स्क्वेअरमध्ये पाच नन्स हातात फलक धरून बसल्या होत्या. समोर माइकचं जंगल.

"नन्स पण धरणं धरतात?" रूममेटने विचारलं.

मी उत्तर दिलं नाही, कारण मी ऐकत होते. घोषणा मल्याळममध्ये होत्या आणि त्यातला एक शब्द मला चक्क कळत होता. नीती. आपल्याकडे नीती म्हणजे वागणूक, शाळेतला मूल्यशिक्षणाचा तास. मल्याळममध्ये नीती म्हणजे न्याय. आम्हाला न्याय हवा, एवढंच त्या म्हणत होत्या. हे मला माहीत होतं, कारण खूप वर्षांपूर्वी चंद्रपूरला एका सिस्टरने तो शब्द फळ्यावर लिहून दाखवला होता.

मी चंद्रपूरची. पुण्यात पारा चाळीसला गेला की लोक सुट्टी टाकतात, तेव्हा ज्यांना मनातल्या मनात हसू येतं त्यांच्यातली. बाबा कोळसा खाणीत, आई घरी, मी आणि धाकटा भाऊ सिस्टरांच्या शाळेत. घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शाळेच्या दारात मदर मेरी. यात कोणालाच काही विचित्र वाटायचं नाही. कॉन्व्हेंट म्हणजे इंग्लिश, आणि इंग्लिश म्हणजे चंद्रपूरच्या बाहेर पडायचं तिकीट. सोपं गणित.

गणितच शिकवायच्या आमच्या सिस्टर. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. मराठी फर्डं, फक्त लिंगाचा घोळ. "शाळा सुटला." "पाऊस आली." आम्ही बाकाखाली तोंड घालून खिदळायचो. सगळ्या मुलींना त्या 'मोळे' म्हणायच्या. म्हणजे पोरी, लेकी.

सहावीत आमची ताडोबाला सहल गेली. वाघ दिसला नाही, तलावात मगर दिसली, तेवढ्यावर आम्ही महिनाभर फुशारक्या मारल्या. पण लक्षात राहिलं ते वेगळंच. सहलीनंतर तीन दिवसांनी सिस्टरने प्रत्येकीला एक पाकीट दिलं. आत साडेचार रुपये. सोबत कागद: बसचं भाडं इतकं, प्रवेश फी इतकी, केळी इतकी, उरले इतके, भागिले मुली इतक्या. खाली पालकाची सही.

आई वैतागली. "साडेचार रुपयांसाठी सही काऊन करू मी?"

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा करत तोच प्रश्न सिस्टरना विचारला. त्या म्हणाल्या, "मोळे, हा पैसा कोणाचा?"

"आमचा."

"मग माझ्याकडे काय करतो?"

पुढच्या जूनमध्ये सिस्टरची बदली झाली. पत्र येतं आणि निघायचं असतं, असं त्या म्हणाल्या. एक पत्र्याची पेटी आणि एक कापडी पिशवी. बाहेर धो धो पाऊस, तर मी विचारलं, छत्री? "ती कॉन्व्हेंटचा आहे." सगळे शिक्षक पगारपत्रकावर सही करतात, सिस्टरही करायच्या, पण त्यांच्या हातात पगार येत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तो संस्थेच्या खात्यात जातो. साबण हवा असेल तर मागायचा.

आता तुम्ही म्हणाल, चंद्रपूरच्या जंगलात मल्याळी सिस्टर कशा आल्या? मलाही मोठेपणीच कळलं. केरळच्या सिरो-मलबार चर्चला केरळबाहेर काम करायला जो पहिला मुलूख मिळाला, तो आमचा चांदा. साल 1962. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, तो 1982 मध्ये झाला. त्यामुळे कोट्टायम, त्रिशूरकडच्या मुली सागाच्या आणि बांबूच्या जंगलात आल्या, मराठी शिकल्या, दवाखाने आणि शाळा चालवू लागल्या. केरळमधल्या चर्चमध्ये काही फुटलं, की त्याचा आवाज आमच्याकडेही येतो, तो या नात्याने.

आणि 2018 मध्ये मोठंच फुटलं होतं. जून महिन्यात कोट्टायम जिल्ह्यातल्या कुरविलंगाडच्या एका ननने जालंधरचे बिशप फ्रँको मुळक्कल यांच्याविरुद्ध पोलिसांत बलात्काराची तक्रार दिली. 2014 ते 2016 या काळात तेरा वेळा, असा तिचा आरोप होता. बिशपांनी तो पहिल्यापासून नाकारला. ती आधी चर्चमधल्या वरिष्ठांकडे गेली होती, हाती काही लागलं नाही, असं तिचं म्हणणं. मग पोलिस. पोलिसही हलेनात, तेव्हा तिच्या पाच साथीदार सप्टेंबरमध्ये रस्त्यावर येऊन बसल्या. सिस्टर अनुपमा त्यांच्या वतीने बोलायच्या. दोन आठवड्यांनी, 21 सप्टेंबरला, बिशपांना अटक झाली.

हे सगळं मी फोनवर वाचत होते आणि डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. छत्री. यांच्याकडे तर स्वतःची छत्रीसुद्धा नाही. या कशाच्या जोरावर बसल्यात?

थांबा, हे नीट सांगायला हवं, कारण सगळी मेख इथेच आहे. नन तीन व्रतं घेते: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. धर्मप्रांतातला साधा धर्मगुरू ब्रह्मचर्य पाळतो, बिशपचं ऐकायचं वचन देतो, पण दारिद्र्याचं व्रत घेत नाही. त्याचं बँक खातं असू शकतं, बापाच्या जमिनीत वाटा असू शकतो. 2017 मध्ये केरळच्या एर्नाकुलम-अंगमाली धर्मप्रांतात जमीनविक्रीचं प्रकरण बाहेर आलं. आरोप असा की कर्ज फेडायला जमिनी विकल्या आणि ठरलेला पैसा पुरता खात्यात आलाच नाही. ते उचलून धरलं ते तिथल्या धर्मगुरूंनीच. कार्डिनल जॉर्ज आलंचेरी यांनी आरोप नाकारले, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि डिसेंबर 2023 मध्ये त्यांनी पद सोडलं. धर्मगुरू मोठ्या संख्येने बोलू शकले. नन बोलली की मात्र पहिल्यांदा तिच्या डोक्यावरचं छप्पर हलतं.

त्याआधी सिस्टर जेस्मी होत्या. त्रिशूरच्या एका कॉलेजच्या प्रिन्सिपल. 2008 मध्ये त्या संस्थेतून बाहेर पडल्या आणि 2009 मध्ये 'आमेन' हे आत्मचरित्र आलं. प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या देणग्यांपासून कॉन्व्हेंटमधल्या लैंगिक शोषणापर्यंत सगळं त्यात आहे. आपल्याला वेडं ठरवायचा प्रयत्न झाला, असंही त्यांनी लिहिलंय. बोलणारी बाई वेडी असते, हे काही फक्त चर्चचं संशोधन नाही म्हणा.

असो. आता माझी गोष्ट. ती सांगायला इतका वेळ का लावला, ते कळेलच.

मी ज्या कंपनीतून बाहेर पडत होते तिचं नाव सांगत नाही. मी तिथे व्हेंडर पेमेंटला होते, म्हणजे बिलं तपासायची आणि पुढे ढकलायची. त्या उन्हाळ्यात एक बिल आलं. लोणावळ्याच्या रिसॉर्टमध्ये चाळीस जणांचं दोन दिवसांचं ट्रेनिंग. सोबत हजेरीची यादी. यादीत सतराव्या नंबरवर मी! ज्या दोन दिवसांत मी म्हणे लोणावळ्याला लीडरशिप शिकत होते, त्या दोन दिवसांत मी ऑफिसात बसून हीच बिलं पुढे ढकलत होते. जुनी बिलं काढली. अशी आणखी तीन सापडली.

मी बॉसकडे गेले. तो छान हसला. "तू हुशार आहेस. पुढे जायचंय तुला. कशाला पडतेस यात?"

बस, एवढंच. धमकी नाही, आरडाओरडा नाही. कंपनीची तक्रार करायची पद्धत होती की! 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 177 आहे, लिस्टेड कंपनीत अशा तक्रारीची सोय हवी आणि तक्रार करणाऱ्याला संरक्षण हवं. इंडक्शनच्या दिवशी त्यावर एक स्लाइडपण होती. त्या स्लाइडच्या वेळी मी चहा आणायला गेले होते.

मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो. नोकरी डॉट कॉमवरचा बायोडेटा अपडेट केला. तीन महिन्यांत ऑफर. एक्झिट इंटरव्ह्यूत कारण विचारलं, मी म्हटलं, ग्रोथ. माझं काम एका ज्युनियर मुलीला दिलं. तिला सगळं समजावून सांगितलं, कुठलं फोल्डर, कुठला पासवर्ड. ती बिलं तेवढी सांगितली नाहीत. हँडओव्हरच्या शीटमध्ये त्यांच्यापुढे मी एक शब्द लिहिला: रूटीन.

जानेवारीत ऑडिट झालं. शेवटच्या दोन बिलांवर तिची सही होती. तिला काढलं. बॉसला नाही. तिने मला फोन केला. रडत नव्हती, तेच जास्त वाईट होतं. "ताई, तुला माहीत होतं का गं?"

मी म्हटलं, "नाही."

हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

त्यानंतर मी त्या नन्सच्या बातम्या वेड्यासारख्या वाचायला लागले. फेब्रुवारी 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी विमानात पत्रकारांसमोर कबूल केलं, की हो, धर्मगुरूंकडून आणि बिशपांकडून नन्सचं लैंगिक शोषण झालेलं आहे. मे महिन्यात त्यांनी नियम काढला, की अशी माहिती असेल तर धर्मगुरूंनी आणि नन्सनी ती वर कळवलीच पाहिजे, आणि कळवणाऱ्यावर सूड घ्यायचा नाही. वाटलं, चला, काहीतरी हललं.

ऑगस्टमध्ये बातमी आली, सिस्टर लुसी कळप्पुरा यांची संस्थेतून हकालपट्टी. वायनाडच्या एका शाळेत शिकवणाऱ्या या बाई कोचीच्या मांडवात त्या पाच जणींना पाठिंबा द्यायला गेल्या होत्या. त्यांच्यावरच्या आरोपांची यादी वाचून मला माझ्या हँडओव्हर शीटची आठवण झाली. ड्रायव्हिंग शिकल्या. परवानगीशिवाय गाडी घेतली. कवितांचं पुस्तक काढलं. टीव्हीवर बोलल्या. बदलीचा आदेश पाळला नाही. पगार संस्थेत भरणं थांबवलं. संस्थेचं म्हणणं, ही दारिद्र्य आणि आज्ञापालन या व्रतांची पायमल्ली आहे. लुसींचं म्हणणं, ही मांडवात जाऊन बसल्याची शिक्षा आहे. दोन्ही बाजू ऐकल्या तरी एक गोष्ट उरतेच. त्यांची संस्था म्हणजे फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट. याच संस्थेच्या सिस्टर राणी मारिया. मध्य प्रदेशात सावकारांच्या कचाट्यातून गरीब आदिवासींना सोडवायच्या, म्हणून 25 फेब्रुवारी 1995 ला त्यांचा चालत्या प्रवासात भोसकून खून झाला. नोव्हेंबर 2017 मध्ये इंदूरला त्यांना संतपदाच्या आदल्या पायरीवर, धन्य म्हणून, घोषित केलं. बाहेरच्या सावकाराविरुद्ध बोलणारी धन्य, आणि दोन वर्षांच्या आत घरातल्या कारभाराविरुद्ध बोलणारी बडतर्फ. संस्था तीच.

आणि लुसी गेल्या नाहीत! माझं डोकंच चालेना. त्या कॉन्व्हेंटमध्येच राहिल्या. कोर्टात गेल्या. व्हॅटिकनमध्ये अपील केलं. मी नन आहे आणि नन म्हणूनच राहणार, म्हणाल्या. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून वैतागले होते. अगं बाई, सोड ना! इतकं वाईट आहे तर सोडून दे की. शिकलेली आहेस, गणित शिकवतेस, शंभर नोकऱ्या मिळतील.

आमच्या घरात 'सोडणं' हा अभिमानाचा शब्द आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि दिली, हे सगळ्यांना माहीत असतं. दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, ते आमच्या चांद्याला आले आणि इथेही दीक्षा दिली, हे बाहेर फारसं कोणाला माहीत नसतं. माझे आजोबा त्या गर्दीत होते. वीस वर्षांचे, गावाहून पायी आलेले. ज्या घरात आपल्याला माणूस समजत नाहीत ते घर सोडायचं, हे मी आईच्या दुधासोबत प्यायले. म्हणून लुसी मला कळेनात.

त्या ऑक्टोबरमध्ये मी दीक्षादिनासाठी घरी गेले. 16 तारखेला दीक्षाभूमीवर गेलो, आजोबांच्या आठवणी निघाल्या, पुस्तकांच्या स्टॉलवर बाबांनी नेहमीसारखे पैसे उडवले. मग कळलं की आमच्या सिस्टर आता गडचिरोलीकडे, एका छोट्या गावातल्या कॉन्व्हेंटमध्ये आहेत. म्हाताऱ्या झाल्यात, शिकवत नाहीत. मी बाबांना म्हटलं, जाऊ या. बाबांनी गाडी काढली. मूल, सावली, व्याहाड, मग वैनगंगेचा पूल. पाऊस नुकताच संपलेला, नदी भरलेली, धान पिवळं व्हायला लागलेलं.

सिस्टरनी ओळखलं. "मोळे, तू मोठा झाला!" काळी कॉफी दिली, केळ्याचे काप दिले. बाबा बाहेर ओसरीत पेपर घेऊन बसले. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारलंच. सिस्टर लुसींचं तुम्हाला काय वाटतं?

त्या खूप वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तो खोटं बोलत नाही." आणखी थोड्या वेळाने, "पण मी तसा केला नसता."

"का?"

"तू काय समजते, मला घराची भीती? अन्नाची? मी इथे जंगलात आली तेव्हा लाइटपण नव्हती." मग त्यांनी भिंतीपलीकडे बोट दाखवलं, तिथे बाकीच्या सिस्टर संध्याकाळच्या तयारीत होत्या. "सहा वाजता आम्ही प्रार्थनेला बसतो. पन्नास वर्षं झाला. मी बोलली तर सहा वाजता माझ्या बाजूला कोण बसेल? तो प्रश्न आहे."

मला वाटलं होतं, यांच्याकडे काहीच नाही म्हणून यांना गमवायलाही काही नाही. किती उथळ विचार! माझ्याकडे ईएमआय आहे, क्रेडिट कार्ड आहे, पण माझ्या सहा वाजता काहीही नाही. मी नोकरी बदलली तर व्हॉट्सअॅप ग्रुप बदलतो. त्यांचं सगळं जगच त्या सहा वाजण्यात आहे. लुसींनी तेच पणाला लावलं होतं, आणि म्हणूनच त्या सोडून जात नव्हत्या. ते घर त्यांचंही होतं.

"मग चूक दिसली तर काय करायचं, सिस्टर?"

"मी पावती फाडते," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "प्रत्येक पैशाची. कोण विचारत नाही तरी. लुसी मोठा आवाज करतो, मी छोटा करते." हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "कधी वाटतं, छोटा पुरला नाही."

मग का कोण जाणे, मी त्यांना सगळं सांगितलं. रिसॉर्ट, सतरावा नंबर, रूटीन हा शब्द, ताई तुला माहीत होतं का गं. त्यांनी उपदेश केला नाही. फक्त विचारलं, "ती मुलगी आता कुठे काम करतो?" मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

निघताना त्यांनी आम्हाला धानोऱ्याच्या रस्त्यावरचं मेंढा (लेखा) गाव पाहून जायला सांगितलं. आम्ही गेलो नाही, उशीर झाला होता. पण ते गाव आम्हा सगळ्यांना माहीत आहे. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं. 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक, आणि 2011 मध्ये बांबू स्वतः विकायचा अधिकार घेणारं. तिथे बहुमताने निर्णय होत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतात. सिस्टर म्हणाल्या होत्या, "तिथे बाईपण बसते. आमचा निर्णय होतो तिथे आम्ही बसत नाही." एवढ्याच वाक्यात त्यांनी केरळपासून रोमपर्यंतचा सगळा घोळ सांगून टाकला.

परतीला व्याहाडला चहासाठी थांबलो. बाबांनी ओसरीतून सगळं ऐकलं होतं, हे मला तिथे कळलं. ते रागावले नाहीत. बशीत चहा ओतत म्हणाले, "बाबासाहेबांनी येवल्याला कधी सांगितलं, हिंदू म्हणून मरणार नाही?"

"1935."

"आणि सोडलं कधी?"

"1956."

"एकवीस वर्षं. त्याच्या आधी महाड केलं, काळाराम केलं. का सोडतोय ते सगळ्या देशाला ओरडून सांगितलं, मग सोडलं. आणि एकटे नाही गेले, लाखो लोकांना सोबत घेऊन गेले. त्याले सोडणं म्हणतात." चहा संपवून कप ठेवला. "तू कोणाला सांगून सोडलंस? कोणाला सोबत नेलंस?"

उत्तर काय देणार? मी सोडलं नव्हतं. मी सटकले होते.

दिवाळीनंतर मी जुन्या कंपनीच्या ऑडिट कमिटीला ईमेल लिहिला. बिलांचे नंबर, तारखा, यादीतलं माझं नाव, बॉसशी झालेलं बोलणं, आणि 'रूटीन' हा शब्द मी लिहिला हेही. ज्युनियरला काहीच माहीत नव्हतं, हे सगळ्यात वर. पाठवायच्या आधी अकरा वेळा वाचला. नव्या कंपनीत कळलं तर? कोणी रेफरन्स मागितला तर? पाठवला. एकोणीस दिवसांनी उत्तर आलं, तक्रारीची नोंद घेतली आहे. मग दोनदा फोनवर चौकशी झाली.

फिल्मी शेवट हवा असेल तर नाही मिळणार. बॉस आधीच दुसरीकडे गेला होता, वरच्या पोस्टवर. मुलीला नोकरी परत मिळाली नाही. पण तिच्या रेकॉर्डवरचं 'काढून टाकलं' बदलून 'राजीनामा' झालं आणि रिलीव्हिंग लेटर मिळालं. मी तिला माफीचा लांबलचक मेसेज केला. चार महिन्यांनी उत्तर आलं: ओके. त्यापुढे काही नाही, आणि तिचं बरोबर आहे.

त्या नन्सचं पुढे काय झालं? व्हॅटिकनमधलं लुसींचं शेवटचं अपील 2021 मध्ये फेटाळलं गेलं. हायकोर्टात त्या स्वतःच आपली बाजू मांडायला उभ्या राहिल्या. 14 जानेवारी 2022 ला कोट्टायमच्या कोर्टाने बिशप मुळक्कल यांना निर्दोष सोडलं. त्याविरुद्ध हायकोर्टात अपील झालं. 2023 मध्ये व्हॅटिकनने मुळक्कल यांचा राजीनामा स्वीकारला. 2025 च्या जानेवारीत बातमी वाचली, की सिस्टर अनुपमा यांनी कॉन्व्हेंट सोडलं. ती वाचून मी पूर्वीसारखं 'बरं झालं, सुटली' म्हटलं नाही. त्या साडेसहा वर्षं बोलून गेल्या. त्याच महिन्यात रोममध्ये जगभरातल्या व्रतस्थांचा कारभार पाहणाऱ्या खात्यावर पहिल्यांदा एक बाई प्रमुख म्हणून आली, सिस्टर सिमोना ब्राम्बिल्ला. त्याआधी ऑक्टोबर 2023 च्या रोमच्या सिनॉडमध्ये बायकांनी पहिल्यांदा मत दिलं होतं. निर्णय होतो तिथे आता थोड्या बायका बसतात. किती आणि किती दिवस, ते बघायचं.

आमच्या सिस्टर मागच्या पावसाळ्यात गेल्या. मी पोचू शकले नाही. बाबा गेले होते. म्हणाले, पेटी तीच होती.

मी आजही पेमेंटचंच काम करते, आता टीम माझी आहे. बिलासोबत हजेरीची यादी आली की मी यादीतल्या दोघातिघांना फोन लावते. काय जेवलात, विचारते. पोरं मागे मला पावतीबाई म्हणतात, मला माहीत आहे. परवा एक नवी मुलगी वैतागून म्हणाली, "मॅम, तीनशे रुपयांच्या टॅक्सीसाठी इतकं?"

मी विचारलं, "पैसा कोणाचा?"

"कंपनीचा."

"मग तुझ्याकडे काय करतो?"

व्याकरण चुकलं म्हणून ती हसली. मी दुरुस्त केलं नाही.